माझ्या बाजूचा ब्रेक

माझी भावजय मेलेली नाही. हे आधीच सांगून टाकते. तिची गोष्ट सुरू केली की ऐकणारे चेहरे पाडून बसतात, च् च् करतात आणि मग माझं डोकं फिरतं. ती जिवंत आहे आणि या घडीला बाजाराच्या चौकात कुणाला तरी, "आरसा कशाला दिलाय, केस विंचरायला?" असं विचारत असेल.

ती गाडी शिकवते. आमच्या भागातल्या निम्म्या बायका आणि बरेचसे बाप्ये तिच्याच हाताखालून रस्त्यावर गेलेत. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणतात, म्हणून मीही म्हणते, पण माझ्या म्हणण्यात थोडा टोमणा असतो. मी तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. ती मला वन्सं म्हणते, अहो-जाहो करते आणि अहो-जाहो करत करतच माझी बिनपाण्यानं हजामत करते.

घरात आम्ही तिघं. ती, मी आणि आमचा धाकटा, म्हणजे तिचा नवरा. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवतो. काम नाजूक आणि मनही तसंच. त्याला गाडी येत नाही. बायको अख्ख्या गावाला शिकवते आणि नवरा बसच्या रांगेत. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! लग्नानंतर तिनं एकदा प्रयत्न केला होता. पहिल्याच वळणावर यानं स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकले. संसार टिकवायचा म्हणून तिनं तो नाद सोडला. मी शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करते. बटणांचं पुढं काम पडणार आहे, म्हणून सांगून ठेवलं.

तिच्या गाडीत ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारच्या सीटवर तिच्या पायाखाली, क्लचसकट. त्या सीटवर इतकी वर्षं बसल्यामुळे तिच्या पायाला खोड लागली आहे. कुठंही बसली तरी तो ब्रेक शोधतो. टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग लागला की तिचा पाय सतरंजीवर दाबला गेलाच म्हणून समजा. सोफ्यासमोरची सतरंजी एकाच जागी विरली आहे. मी ठिगळ लावलं, तर ठिगळही विरलं.

आणि तिची एक रीत होती. शिकणारा तयार झाला की "तयार झालास" असं ती कधी म्हणायची नाही. शाबासकी तिच्या तोंडून निघतच नाही, जीभ जड होते बहुतेक. पण एखाद्या दिवशी भर रहदारीत ती चपला काढायची, दोन्ही पाय वर घ्यायची आणि सीटवर मस्त मांडी घालून बसायची. म्हणजे आता तिचा पाय ब्रेकवर नाही, गाडी सगळी तुझी. शिकणाऱ्याच्या ते लक्षात आलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. पण तो दिवस माणूस विसरायचा नाही. लोक एकमेकांना विचारायचेच तसं, "काय, मांडी मिळाली का?" मांडी मिळाल्याशिवाय ती कुणालाही परीक्षेला पाठवायची नाही.

तर अशा बाईचं पोट फुगायला लागलं. आधी आम्ही म्हटलं, बसून बसून वात धरला असेल. मग सीटचा पट्टा लागेना. मग जिना चढताना धाप लागायला लागली, आणि ती वैतागून हॉस्पिटलात गेली ती चौथ्या टप्प्याचा कॅन्सर घेऊनच बाहेर आली. अंडाशयाचा, पोटभर पसरलेला, वर फुफ्फुसाभोवती पाणी. डॉक्टरबाईंनी तिला तपासलं, सगळं समजावून सांगितलं. मग धाकट्याला एकट्याला आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा चष्मा पुसत होता.

"काय म्हणाल्या?" तिनं विचारलं.

"सगळं ठीक होईल म्हणाल्या."

घरी आल्यावर ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, "वन्सं, हा खोटं बोलतोय. किती वेळ चष्मा पुसत होता बघितलंत?"

"चष्म्याच्या दुकानातला माणूस आहे, चष्माच पुसणार," मी म्हटलं. मी भांडी आदळत राहिले. रडायला लागले असते तर तिनं मलाच धीर दिला असता, आणि ते मला अजिबात चाललं नसतं.

दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध घ्यायचं ठरलं. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्या खेपेला भाड्याची गाडी केली. ही मागं बसली, पोटावर उशी घेऊन, आणि निघाल्यापासून त्या ड्रायव्हरला शिकवायला लागली. "तिसऱ्या गिअरवर का ओढताय? गाडी रडतेय तुमची." "इंडिकेटर शोभेला आहे का?" बिचारा आधी हसला. मग त्यानं पुलाच्या तोंडाशी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "बाई, तुम्हीच चालवा, मी उतरतो." शेवटी आम्हीच उतरलो. धाकटा तिला धरून उभा, मी रस्त्यात हात करतेय आणि ती पुलाच्या कठड्याला टेकून म्हणतेय, "क्लच जाणार बघा त्याचा, महिन्याच्या आत."

त्या संध्याकाळी, हाताला पट्टी, तोंडाला चव नाही, अशा अवस्थेत तिनं फर्मान काढलं. "दारात गाडी असताना भीक मागायची नाही. वन्सं, तुम्ही शिकणार."

"मी? या वयात? मला सायकल येत नाही!"

"बरं झालं. वाईट सवयी लागलेल्या नाहीत."

हातपाय गाळणं मला शोभलं नसतं, कारण तिनं गाळले नव्हते. म्हणून मी बसले स्टिअरिंगवर. औषध घेतल्यावर पहिला आठवडा ती अंथरुणातून उठायची नाही. बादली जवळ लागायची. मग हळूहळू अंगात जीव यायचा, आणि आला की लगेच हाक, "वन्सं, किल्ली!" गोदामांच्या मागच्या मोकळ्या मैदानात ती मला घेऊन जायची. प्लास्टिकची चार पिंपं मांडून ठेवलेली असायची. त्या पिंपांचं मी काय केलं ते विचारू नका. "वन्सं, क्लच म्हणजे पायपुसणं नाही, उचला पाय!" हे वाक्य मी झोपेतही ऐकायची. पालथ्या घड्यावर पाणी घालण्याचा एवढा सोस मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

केस गळायला लागायच्या आधीच तिनं सगळे काढून टाकले. "मला कुणी ओव्हरटेक केलेलं चालत नाही," म्हणाली. हॉस्पिटलात एका मोठ्या खोलीत रांगेनं आरामखुर्च्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक माणूस सलाईन लावून बसलेलं. आमच्या शेजारच्या खुर्चीत एक शिक्षिका असायची, सतत डोळ्यांना रुमाल. मास्तरीणबाईंनी दुसऱ्याच भेटीत तिला रहदारीची चिन्हं शिकवायला घेतली. "तुमच्या बाटल्या संपल्या की माझ्याकडे यायचं. रडायचं ते मैदानात रडा, तिथं जागा भरपूर आहे." ती बाई पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

मी परीक्षा पास झाले. पहिल्या फटक्यात, हे मुद्दाम सांगते. पण मला मांडी मिळाली नाही. पोटात पाणी होतं, तिला मांडी घालताच येत नव्हती, हे मला कळत होतं. तरीही मी एकदा विचारलंच. ती म्हणाली, "पोट नसतं तरी घातली नसती. तुम्ही अजून घाबरून चालवता, वन्सं. नाइलाज म्हणून पाठवलं तुम्हाला." घ्या! तिचा जीव टांगणीला लागलेला आणि माझा जीव तिच्या मांडीत अडकलेला.

उपचारांच्या मध्यावर तिचं मोठं ऑपरेशन झालं. ट्रॉलीवरून नेताना कॉरिडॉरच्या वळणावर चादरीखाली तिचा पाय दाबला गेलेला मी डोळ्यांनी पाहिला. म्हटलं, ही परत येणार.

आली. पण घरी आल्यावर दोन आठवड्यांनी तिचा दादा उगवला. दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. माणूस वाईट नाही, पण घाबरला की कामं उरकत सुटतो. त्यानं गाडीला गिऱ्हाईक शोधलं होतं. गिऱ्हाइकाला साधी गाडी हवी होती, म्हणून शेजारच्या सीटची पेडलं काढून घ्यायला तो गॅरेजवाल्याला सोबत घेऊनच आला. आम्हाला विचारलं नाही की सांगितलं नाही. अंगणात गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा आम्हाला कळलं.

"दादा, हे काय?" मी विचारलं.

"ताई, आपण शहाण्या माणसांनी तरी खरं बघायला नको का? ती आता कुणाला शिकवणार आहे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून ती आली. डोक्यावर एक केस नाही, अंगात गाऊन, पोटावर हात धरलेला, कारण टाके ओढत होते. कुणाकडे न बघता गाडीपाशी गेली, शेजारच्या सीटवर हळूहळू बसली, दोन्ही पाय पेडलांवर ठेवले आणि म्हणाली, "हं, काढा आता."

गॅरेजवाला पाना हातात घेऊन उभाच राहिला. त्यालाही गाडी हिनंच शिकवलेली.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..." दादा म्हणाला.

"माझ्या भल्याचं मी बघते. मी मेले की काढ. तोवर माझ्या बाजूचा ब्रेक माझ्या बाजूला राहील. आणि मी इतक्यात मरत नाही. मला अजून त्या सीटवर बसून लोकांना शिव्या घालायच्या आहेत."

"जित्याची खोड!" दादा चिडून म्हणाला.

"मेल्याशिवाय जात नाही," तिनं म्हण पुरी केली. "आणि मला ती घालवायची नाही. मग कर हिशेब."

गॅरेजवाल्यानं पाना खिशात घातला आणि म्हणाला, "मास्तरीणबाई, चहा तरी मिळेल का?" मी त्याला दोन कप दिले. दादाला दिला नाही. नंतर दिला, बिचारा पायरीवर बसून रडत होता म्हणून.

ऑपरेशननंतर औषधाच्या आणखी खेपा झाल्या. शेवटून दुसऱ्या खेपेला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून चालताना मी पाहिलं, तर हिच्या एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी. चप्पल मागं राहिलेली, चांगली पंचवीस-तीस पावलं मागं. "वेंधळी कुठली!" मी ओरडले. तिनं खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "मला कळलंच नाही, वन्सं," ती म्हणाली. तिच्या तोंडचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, औषधानं नसा बधिर होतात, हाताच्या आणि पायाच्या. हात बहुतेक लवकर सुधारतात. पाय सुधारतील, नाही सुधारणार, सांगता येत नाही. घरी आल्यावर ती गाडीत जाऊन बसली. गाडी बंदच होती. तिनं डोळे मिटले आणि पाय पेडलांवर ठेवला, उचलला, परत ठेवला. बराच वेळ. मग म्हणाली, "क्लच आहे की ब्रेक, मला समजत नाहीये."

कॅन्सर कळला तेव्हा ती रडली नव्हती. त्या दिवशी रडली.

उपचार संपले, तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी फोटो उजेडावर धरले आणि जपून बोलल्या, "खूपच चांगलं उतरलंय. पण गेला असं मी म्हणणार नाही."

"चालेल," ती म्हणाली. "मीही गेले असं तुम्ही म्हणायचं नाही."

सगळ्यांना वाटलं, सुटली. शेजारीपाजारी भेटायला आले, फुलं आली. ती मात्र कुणालाच मोकळेपणानं हसून दाखवेना. तिला जगायचं होतं ते त्या सीटवर. नुसतं श्वास घेत सोफ्यावर बसायला तिनं एवढ्या सुया टोचून घेतल्या नव्हत्या. शिकायला यायचं म्हणून लोक विचारायचे, ती नाही म्हणायची. "माझ्या पायाचा भरवसा नाही. शिकणारा चुकणारच, त्याचं कामच ते. मी चुकले तर कुणाचं तरी पोर जाईल."

मग तिनं स्वतःची परीक्षा स्वतःच ठरवली. मी दुकानातून बटणं आणायची. डोळ्यांवर फडकं बांधून तिनं खुर्चीत बसायचं. अंगठ्याखाली एक बटण ठेवायचं आणि तिनं सांगायचं, दोन भोकांचं की चार भोकांचं. आता तुम्ही म्हणाल, धडधाकट माणसाला तरी हे कळतं का? कळतं. मी करून पाहिलं. थोडी सवय झाली की भोकं लागतात अंगठ्याला. सगळी बरोबर आली की ती सीटवर बसणार, तोवर नाही.

रोज जेवणं झाली की हा कार्यक्रम. रोज चुकायची. दोन म्हणायची तिथं चार, चार म्हणायची तिथं कोटाचं भलंमोठं, दोन भोकांचं बटण. पुसायची तोंड आणि म्हणायची, "उद्या." महिने गेले. डोक्यावर केस परत आले, कुरळे. पाय काही परत येईना.

एका संध्याकाळी मला दुकानातून यायला उशीर झाला, तर बटण ठेवायचं काम धाकट्यानं घेतलं. मी दारात चपला काढत होते. आतून तिचा आवाज आला, "चार भोकांचं."

"बरोबर!" धाकटा म्हणाला.

"दोन."

"हो, बरोबर!"

मी आनंदानं आत धावले आणि बघते तर काय, बटण घरंगळत कपाटाखाली गेलेलं. हिच्या अंगठ्याखाली नुसती फरशी. माझा चेहरा पाहून धाकट्यानं हात जोडले, बोलू नको म्हणून. पण ती काय कच्ची आहे? त्याच्या आवाजावरूनच तिनं ओळखलं असावं. फडकं काढलं, पाय उचलला, खाली पाहिलं.

असा राग मी तिचा कधी पाहिला नव्हता. ती ओरडली नाही, तेच भयंकर होतं.

"माझ्या पायाखाली काही नाही, आणि तू बरोबर म्हणतोस?"

"तुला बरं वाटावं म्हणून गं..."

"तुझ्या बरोबरवर मी उद्या गाडीत बसले असते. समोर कुणी आडवं आलं असतं आणि मी फरशी दाबली असती." मग म्हणाली, "पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी तुला आत बोलावून काय सांगितलं?"

धाकटा चष्मा काढायला लागला.

"चष्म्याला हात लावू नकोस. बोल."

"जास्तीत जास्त दीड वर्ष म्हणाल्या," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. दीड वर्ष त्या आठवड्यातच उलटून गेलं होतं. तो एकटाच ते मनात घेऊन फिरत होता, बसच्या रांगेत, दुकानात, आमच्या पानावर बसून. मलाही त्यानं पत्ता लागू दिला नव्हता. मला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. काय करावं सुचेना म्हणून मी कपाटाखालचं बटण काढत बसले.

ती उठली आणि त्याच्याजवळ जाऊन बसली. "वेड्या, हे तू एकट्यानं वाहिलंस? मला सांगायचं होतंस. मी काय पळून जाणार होते? खड्डा दिसला तर मला गाडी वळवता येते. तू खड्ड्यावर चादर घालत बसलास." मग त्याचं नाक आपल्या पदरानं पुसून म्हणाली, "यापुढं जे आहे ते सांगायचं. चूक तर चूक. आणि हा पाय चूक आहे. हा येत नाही आता. मान्य."

मान्य! त्या शब्दानं माझं काळीज फाटलं. एवढं सगळं सोसून, टाक्यांसकट गाडीत जाऊन बसलेली ही बाई, एका बटणापुढं मान्य म्हणते? दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला फोनवर बोलताना ऐकलं. गॅरेजवाल्याशी. "ये उद्या. माझ्या बाजूची पेडलं काढायची आहेत."

मग मात्र माझा तोल गेला. "लाज नाही वाटत? त्या दिवशी दादाला काय म्हणालीस तू? मी मेले की काढ म्हणालीस ना? मेलीस का तू?"

"वन्सं, चहा टाका," ती म्हणाली. "आणि तुमचा बटणांचा डबा आणा."

मला वाटलं, परत तोच खेळ. पण या वेळी तिनं फडकं बांधून पाय पुढं केला नाही, हात पुढं केला. मी रागारागानं बोटांत बटण कोंबलं. "दोन भोकं." बरोबर. "चार." बरोबर. "हे शर्टाचं, हे उशीच्या अभ्र्याचं. आणि याच्यात दोरा अडकलाय, नीट काढत चला." सगळी बरोबर. मी डबा उपडा करून कोपऱ्यातलं, चणाडाळीएवढं, बाळाच्या झबल्याचं बटण शोधून दिलं. तेही बरोबर. मी फडकं तपासलं. घट्ट होतं.

"पाय येत नाही ना? मग हात लावू," ती म्हणाली.

गॅरेजवाला दुसऱ्या दिवशी लोखंडी दांडा घेऊनच आला. दादाही आला, कुणीतरी त्याला कळवलं होतं. पेडलं खाली उतरलेली पाहून म्हणाला, "आलं ना शेवटी शहाणपण!" तिनं त्याला पाने धरायला बसवलं. शिकणाऱ्याच्या ब्रेकपासून दांडा आडवा घेऊन तिच्या सीटपाशी हातानं ओढायचा एक दट्ट्या उभा केला. ओढला की ब्रेक. क्लच नाहीच. गॅरेजवाला म्हणाला, "बाई, क्लचशिवाय ब्रेक दाबला तर गाडी बंद पडेल." ती म्हणाली, "पडू दे. गाडी परत चालू करता येते."

मग त्या गाडीला सरकारी मंजुरी हवी. तपासणीच्या साहेबानं पहिल्यांदा, दांडा सीटला घासतो म्हणून, आम्हाला परत पाठवलं. ते त्याचं बरोबरच होतं, आम्ही दुरुस्त करून आणलं. दुसऱ्यांदा तो स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि काही न सांगता आवारातल्या भिंतीच्या दिशेनं गाडी जोरात सोडली. मी बाहेर उभी होते, माझ्या तोंडून किंकाळी निघाली. गाडी भिंतीच्या हातभर अलीकडे गचका खाऊन बंद पडली. साहेबाचा पेन डॅशबोर्डवरून उडून खाली गेला. ती दट्ट्या हातात धरून त्याला म्हणाली, "पट्टा लावत जा." त्यानं सही केली, आमचाच पेन घेऊन.

पहिली विद्यार्थिनी कोण आली असेल? शेजारच्या खुर्चीतली ती शिक्षिका. डोक्याला रुमाल, हातात शिकाऊ परवाना. तिला पिंपांमधून गाडी मागं घेता येईपर्यंत कितीतरी दिवस गेले, आणि ती मैदानात रडलीही. ठरल्याप्रमाणे.

आता पाय तर रिकामेच झाले होते, त्यामुळे मास्तरीणबाई सीटवर कायमच मांडी घालून बसायला लागल्या. मग शिकणाऱ्याला कळणार कसं? शिक्षिकेला पुलावर कळलं. तिनं सहज बाजूला पाहिलं, तर बाईंचा हात दट्ट्यावर नव्हता. दोन्ही हातांची घडी घालून बाई नदीकडं बघत होत्या. तेव्हापासून लोक विचारतात, "काय, घडी मिळाली का?"

सगळं गोडगोड झालं असं समजू नका. मध्ये एकदा त्या मेल्या कॅन्सरनं परत डोकं वर काढलं. परत औषधं, परत बादली, परत टक्कल. ती त्या काळात फक्त वाईट आठवड्यांना सुट्टी घ्यायची. रोजच्या गोळ्या अजून चालू आहेत, आणि दर तपासणीच्या आधी चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. आजही डॉक्टरबाई गेला असं म्हणत नाहीत. पण धाकटा आता जे असेल ते सांगतो. परवा तिचं सूप खारट झालंय हेसुद्धा सांगितलं, आणि बोलणी खाल्ली.

तिला तपासणीला मीच नेते. इतकी वर्षं झाली, पण माझ्या शेजारी बसली की तिचा हात दट्ट्यावर. नेहमी. मी चिडायची, टोमणे मारायची. "अगं, एवढ्या खेपा केल्या तुझ्या, अजून भरवसा नाही?" ती म्हणायची, "तुमच्यावर आहे, वन्सं. तुमच्या भीतीवर नाही."

मागच्या महिन्यात असेच निघालो. या वेळी तिची पाठ दुखत होती, कारण कळत नव्हतं, आणि दोघींच्याही मनात तेच होतं. मोठ्या चौकातल्या वळणावर एक बस आमच्या पुढ्यात घुसली. मी ब्रेक मारला, गिअर खाली घेतला, बसला जाऊ दिलं आणि निघाले. मग मनात आलं, हिनं आज काहीच कसं नाही ओढलं? बाजूला पाहिलं.

मांडी घातलेली. हातांची घडी. खिडकीतून एका दुकानातले पडदे बघत होती.

"अगं, ब्रेक!" मी ओरडले. "तुझा हात कुठं आहे?"

"ब्रेक तुमच्या पायाखाली आहे, वन्सं," ती म्हणाली. माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. "रडायचं ते पोहोचल्यावर रडा. आत्ता समोर बघा. आणि क्लचवरचा पाय काढा आधी."